फिरता भोवरा वेगळा पडतो का?

प्रश्न : नातू गच्चीवर भोवरा खेळत होता. खेळता खेळता त्याने विचारले, “आबा, फिरता भवरा अन् न फिरणारा भवरा वरून संगच सोडले तं दोन्ही संगच पडतीन का?” मी शाळेत विज्ञान शिकवत असे. जड आणि हलकी वस्तू एकदमच पडते, हे गॅलिलिओचे उत्तर मला ठाऊक आहे. पण फिरण्याचे काय? आइन्स्टाईनच्या सिद्धांतात फिरण्याने फरक पडतो असे कुठेतरी वाचल्याचे आठवते.
– एक निवृत्त शिक्षक, जठारपेठ, अकोला

उत्तर : नातवाला आज द्यायचे उत्तर सोपे आहे. हो, संगच पडतात. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर न्यूटनच्या हिशेबात पडण्याचा फिरण्याशी संबंध नाही. तुमच्यासाठी मात्र उत्तर थोडे बदलावे लागते : जवळजवळ संगच पडतात, तंतोतंत नाही. या ‘जवळजवळ’मध्ये गेल्या शंभर वर्षांतले फार देखणे भौतिकशास्त्र भरलेले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आइन्स्टाईनने १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षणाचे चित्रच बदलले. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ मिळून बनलेला अवकाशकाल वक्र होतो, आणि पडणारी वस्तू त्यातल्या सर्वांत सरळ वाटेने जाते. वाट वस्तूवर नव्हे तर अवकाशकालावर ठरते, म्हणून दगड आणि पीस निर्वात नळीत एकदम तळाशी पोचतात. पण हा नियम बिंदूएवढ्या कणासाठी आहे, आणि बिंदूला स्वतःभोवती फिरता येत नाही. फिरायला अंग लागते. भोवऱ्याला अंग आहे, त्याची एक कड एका दिशेने जाते तेव्हा समोरची कड उलट दिशेने जाते, आणि नियमाला बारीकशी चीर इथेच पडते.

वक्र अवकाशकालात एखाद्या कणावर येणारा ताण तो कण कुठे आहे यावर जसा ठरतो, तसा तो किती वेगाने कुठे चालला आहे यावरही ठरतो. स्थिर चकतीत समोरासमोरच्या कडांवरचे ताण एकमेकांना खोडून काढतात. फिरत्या चकतीत समोरासमोरच्या कडांची जागाही उलट असते आणि वेगही उलट असतो. उलट गुणिले उलट म्हणजे सुलट, त्यामुळे बेरीज शून्य होत नाही. उरलेली ती बेरीज म्हणजे फिरत्या वस्तूला सरळतम वाटेवरून किंचित ढकलणारे बल.

हे पहिल्यांदा नीट मांडले मिरॉन मॅथिसन या पोलिश शास्त्रज्ञाने, १९३७ मध्ये. त्याचे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही याची मला खंत आहे. तरुण वयातच त्याचा आइन्स्टाईनशी पत्रव्यवहार होता. पुढे महायुद्धाच्या धामधुमीत तो केंब्रिजला होता आणि वयाची त्रेचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, १९४० मध्ये, क्षयाने गेला. १९५१ मध्ये ग्रीक शास्त्रज्ञ अखिलिस पापापेट्रू याने तीच समीकरणे वेगळ्या वाटेने काढली. आज ती दोघांच्या नावाने ओळखली जातात.

या समीकरणांत एक अडचण दडलेली आहे आणि मला तीच सर्वांत मोहक वाटते. भोवरा ‘कुठे’ आहे असे विचारले तर आपण त्याचा वस्तुमानमध्य दाखवतो. आता उभ्या आसाभोवती फिरणारा भोवरा तुमच्या समोरून सरकत चालला आहे असे धरा. त्याच्या एका कडेचा फिरण्याचा वेग सरकण्याच्या वेगात मिळवला जातो, दुसऱ्या कडेचा वजा होतो. अधिक वेग म्हणजे अधिक ऊर्जा, आणि अधिक ऊर्जा म्हणजे अधिक वस्तुमान. त्यामुळे तुमच्या हिशेबात वस्तुमानमध्य एका कडेला सरकतो. भोवऱ्यासोबत चालणाऱ्या माणसाला मात्र तो बरोबर मधोमधच दिसतो. दोघांचेही मोजमाप चोख आहे. म्हणजे फिरत्या वस्तूची वाट काढायच्या आधी तिचा मध्य कोणता धरायचा हे ठरवावे लागते. त्यासाठीचा एक समाधानकारक नियम १९५९ मध्ये तुल्चिएव या आणखी एका पोलिश शास्त्रज्ञाने दिला.

आता तुमच्या गच्चीवरचा हिशेब. भोवरा १०० ग्रॅमचा आणि सेकंदाला २० फेरे घेणारा धरू. फिरण्याच्या ऊर्जेमुळे त्याचे वस्तुमान खरोखरच वाढते. एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचे पुन्हा दहा लाख भाग करा, त्यातले दोन-तीन भाग, इतके. पण ही वाढ जडत्वातही होते आणि वजनातही, म्हणून पडण्याच्या वेळेत तिने काही बदलत नाही. मॅथिसनचे बल त्याहूनही पुष्कळ लहान आहे. पृथ्वी स्वतः फिरत नसती तर सरळ खाली पडणाऱ्या भोवऱ्यावर ते शून्यच आले असते. पृथ्वी फिरते म्हणून ते शिल्लक राहते. हिशेब सोपा व्हावा म्हणून भोवरा उत्तर ध्रुवावर नेला, तर ते भोवऱ्याच्या वजनाच्या किती भाग भरते? एकावर बावीस शून्ये दिल्यावर जी संख्या होते, तिने वजनाला भागा. त्याहूनही थोडे कमी. त्याची दिशा मात्र विलक्षण आहे. भोवरा पृथ्वीच्याच दिशेने फिरत असेल तर हे बल त्याला वर ढकलते, उलट फिरत असेल तर खाली ओढते. एका आसावर ठेवलेले दोन चुंबक एकाच दिशेला तोंड करून असतील तर ओढले जातात. फिरण्याच्या गुरुत्वाकर्षणात नेमके याच्या उलट घडते. हे रॉबर्ट वॉल्ड याने १९७२ मध्ये दाखवून दिले.

इतके सूक्ष्म बल कुठल्याच तराजूला कळणार नाही. म्हणूनच जपानमधल्या सेंदाईच्या हायासाका आणि ताकेउची या दोघांनी डिसेंबर १९८९ मध्ये, उजवीकडे फिरवलेल्या जायरोस्कोपचे, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चाकाचे, वजन काही मिलिग्रॅमने घटते असे जाहीर केले तेव्हा जगभर खळबळ उडाली. डावीकडे फिरवला की वजनात काही फरक नाही, असेही ते म्हणत होते. आइन्स्टाईनच्या हिशेबापेक्षा हा परिणाम अवाच्या सवा मोठा होता. १९९० मध्येच अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये अधिक काळजीने तेच प्रयोग झाले आणि वजन घटत नाही हे स्पष्ट झाले. फिरणारे यंत्र तराजूवर ठेवले की त्याची थरथर तराजूला सहज फसवते. नातवाला कुणी कधी फिरत्या चाकाने गुरुत्वाकर्षण कमी होते असे सांगितले, तर हा दाखला जरूर द्या.

म्हणजे भोवऱ्याची वाट बदलते, पण मोजता येण्याइतकी नाही. त्याच्या आसाची गोष्ट वेगळी आहे. आसाची दिशा बदलते आणि ती मोजली गेली आहे. त्यासाठी पुढचा प्रश्न उपयोगी पडेल.

प्रश्न : अवकाश वक्र आहे असे आम्हाला शिकवतात. पण वक्र म्हणजे कशाच्या तुलनेत? अवकाशाच्या बाहेर जाऊन तर पाहता येत नाही.
– एम.एस्सी. गणिताची विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : बाहेर जायची गरजच नाही, आणि याचा पुरावा आपल्या वऱ्हाडाच्या मातीवर दोनशे वर्षांपूर्वी मोजला गेला आहे.

विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट टेकड्यांवर चढवायचा, दूरच्या टेकडीवरची खूण पाहून कोन घ्यायचा, त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकायचे. ही साखळी बिदरच्या बाजूने वऱ्हाडापर्यंत आली. लॅम्बटन स्वतः नागपूरच्या वाटेवर, २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाटला वारला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ती साखळी सातपुडा ओलांडून नेली. या मोजणीदारांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मोठ्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश येत नाही, थोडी जास्त येते. ही जास्तीची रक्कम त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते आणि ती हिशेबातून वजा करावी लागते. पृथ्वी गोल आहे हे आकाशातून न पाहता, जमिनीवर उभे राहून फक्त कोन मोजून कळते ते असे.

तुम्ही गणिताच्या आहात, म्हणून हेच दुसऱ्या तऱ्हेने मांडतो. हातात एक बाण आडवा धरून अकोल्याहून अमरावतीला सरळ रेषेत निघा, तिथून यवतमाळला, तिथून परत अकोल्याला. अट एकच : चालताना बाणाचा वाटेशी होणारा कोन बदलू द्यायचा नाही. अमरावतीला आणि यवतमाळला तुम्ही वळाल, बाण वळवायचा नाही. अकोल्याला परत आल्यावर बाण निघतानाच्या दिशेशी तंतोतंत जुळणार नाही. त्रिकोणाचे क्षेत्रफळ सुमारे २८०० चौरस किलोमीटर भरते, आणि त्या हिशेबाने बाण सुमारे १४ विकला फिरलेला असेल. एका अंशाच्या ३६०० विकला होतात, म्हणजे डोळ्याला काही दिसणार नाही, पण उत्तम थिओडोलाइटला दिसेल. त्रिकोण मोठा केला तर हे ठळक होते. उत्तर ध्रुवावरून अकोल्याच्या ७७ अंश रेखावृत्तावरून विषुववृत्तापर्यंत उतरा, तिथून पूर्वेला पाऊण अंश पुढे, अमरावतीच्या रेखावृत्तापर्यंत जा आणि त्यावरून पुन्हा ध्रुवावर या. बाण बरोबर पाऊण अंश फिरलेला असेल. बाण कुणी फिरवला? कुणीच नाही. वाट वक्र पृष्ठावरून गेली, एवढेच.

फिरत्या भोवऱ्याचा आस हा असाच बाण आहे. त्याला बाहेरून पीळ देणारे कुणी नसेल तर तो आपली दिशा प्राणपणाने धरून ठेवतो. विमानातला, जहाजातला जायरोस्कोप याच गुणावर चालतो. आता असा जायरोस्कोप पृथ्वीभोवती फिरवला आणि एक फेरी पुरी करून तो मूळ जागी आला, तर अवकाशकाल सपाट असल्यास आस जिथल्या तिथे दिसायला हवा. वक्र असल्यास थोडा फिरलेला दिसायला हवा. डच खगोलशास्त्रज्ञ विलेम दे सिटर याने १९१६ मध्ये, म्हणजे सिद्धांताची शाई वाळायच्या आत, हा परिणाम पृथ्वी-चंद्राच्या जोडीसाठी काढला. ही जोडी सूर्याभोवती फिरते, म्हणून चंद्राच्या कक्षेची दिशा वर्षाला १९ सहस्रांश विकला सरकायला हवी. चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून लेसरचे किरण परतवून १९८०च्या दशकात ही सरक खरोखर मोजली गेली. १९१८ मध्ये योझेफ लेन्झे आणि हान्स थिरिंग यांनी दुसरा, आणखी बारीक परिणाम काढला. फिरणारा जड गोल भोवतालचा अवकाशकाल आपल्यासोबत किंचित ओढत नेतो, आणि जवळच्या जायरोस्कोपचा आस त्या ओढीने वळतो.

हे दोन्ही परिणाम एकाच उपग्रहाने मोजायचे, असा प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि नासाने कित्येक दशके उभा केला. ‘ग्रॅव्हिटी प्रोब बी’ २० एप्रिल २००४ रोजी ६४२ किलोमीटर उंचीवर, दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत गेला. त्यात चार गोल होते. प्रत्येक ३८ मिलिमीटर व्यासाचा, वितळवून घडवलेल्या शुद्ध क्वार्ट्‌झचा, वर नायोबियम धातूचा पातळ थर. माणसाने घडवलेल्या सर्वांत निर्दोष गोलांत त्यांची गणना होते. उणे २७१ अंश सेल्सिअसच्या द्रव हेलियमने ते गार ठेवले होते, आणि दुर्बीण आयएम पेगासी नावाच्या ताऱ्यावर रोखलेली होती, म्हणजे आस किती सरकला हे त्या ताऱ्याच्या संदर्भाने कळावे.

सिद्धांताचे भाकीत होते वक्रतेमुळे वर्षाला ६६०६ सहस्रांश विकला. मे २०११ मध्ये जाहीर झालेले मोजमाप ६६०२, अनिश्चितता १८. पृथ्वीच्या ओढीचे भाकीत सुमारे ३९, मोजमाप ३७.२, अनिश्चितता ७.२. गोलांच्या पृष्ठभागावर विद्युतभाराचे नको तिथे ठिपके पडल्याने माहितीत गोंधळ झाला होता. तो निस्तरण्यात वर्षे गेली, आणि दुसऱ्या आकड्याची अनिश्चितता मोठी राहिली ती त्यामुळेच. तरी पहिला आकडा पाहून मन भरून येते. एका फेरीत आस एका विकलेच्या हजाराव्या भागापेक्षा थोडाच जास्त सरकतो. वर्षात पाच हजारांहून अधिक फेऱ्या होतात, तेव्हा कुठे साडेसहा विकला जमतात. तुमचा बाण अकोला-अमरावती-यवतमाळ अशा एकाच फेरीत याच्या दुप्पट फिरतो. पृथ्वीच्या पृष्ठाची वक्रता आणि पृथ्वीने घडवलेली अवकाशकालाची वक्रता, यांच्यातले अंतर यावरून ध्यानात येईल.

गणिताच्या विद्यार्थिनीसाठी एक खुलासा. उपग्रहावरचा सगळा परिणाम केवळ ‘जागे’च्या वक्रतेचा नाही. त्यातला दोन-तृतीयांश भाग अवकाशाच्या वक्रतेचा, उरलेला एक-तृतीयांश गुरुत्वाकर्षणात वेगाने चालण्यामुळे येणारा. बाणाचे उदाहरण पहिल्या भागापुरतेच नेमके आहे. प्रदिश आणि समांतर वहन तुमच्या अभ्यासक्रमात असतील तर दे सिटरचे उत्तर तुम्हाला स्वतः काढता येईल. जरूर काढा, दोन पानांत बसते.

प्रश्न : आमच्याकडून वाशीमला जाणारा रस्ता पुढे हिंगोलीला जातो. तिथे औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ उभे राहणार आहे असे ऐकतो. त्याचा अशा फिरणाऱ्या गोष्टींशी काही संबंध आहे का?
– एक शेतकरी, पातूर (जि. अकोला)

उत्तर : थेट संबंध आहे. पृथ्वीजवळ जो परिणाम विकलांच्या अंशात मोजावा लागतो, तो आकाशात कुठे कुठे प्रचंड आहे, आणि लायगोसारखी यंत्रे तोच ऐकतात.

आधी न्यूट्रॉन तारे पाहू. सूर्याहून जड तारा एखाद्या तालुक्याएवढ्या गोलात दाबलेला, स्वतःभोवती गरगर फिरणारा आणि दीपगृहासारखा रेडिओ झोत टाकणारा. असे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याच्या वक्र अवकाशकालातला भोवरा असतो. १९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांना अशी पहिली जोडी सापडली. १९९३चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. तिच्यातल्या झोत टाकणाऱ्या ताऱ्याचा आस वर्षाला सुमारे १.२ अंश सरकतो. विकला नव्हे, अंश. २००३ मध्ये सापडलेल्या एका जोडीत तर दोन्ही तारे झोत टाकणारे निघाले. एकमेकांभोवती फेरी घ्यायला त्यांना अडीच तासही लागत नाहीत. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीनेही ती जोडी पाहिली आहे. तिच्यातल्या संथ ताऱ्याचा आस वर्षाला जवळपास ५ अंश वळतो. वळता वळता मार्च २००८ मध्ये त्याचा झोत पृथ्वीवरून पुढे सरकला आणि तो आपल्याला दिसेनासा झाला. तारा जागेवरच आहे, फक्त आता त्याचा उजेड दुसरीकडे पडतो.

याहून पुढे कृष्णविवरे. दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना अवकाशकालात लहरी उठतात. पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो केंद्रांनी टिपली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एक झाली, आणि उरलेले कृष्णविवर शक्य तेवढ्या कमाल फिरण्याच्या सुमारे ६७ टक्के वेगाने फिरत होते. दोन्ही कृष्णविवरे ज्या दिशेने कक्षेत फिरतात त्याच दिशेने स्वतःभोवतीही फिरत असतील, तर ती एक होण्याआधी काही फेऱ्या जास्त घेतात. उलट दिशेने फिरत असतील तर लवकर एक होतात. आस तिरका असेल तर अख्खी कक्षाच डुलते, आणि लहरीचा जोर कमी-जास्त होत राहतो. मॅथिसनच्या समीकरणात जे बल भोवऱ्यासाठी नगण्य होते, त्याच जातीचा परिणाम इथे लहरीचा आकार ठरवतो.

ही लहर गोंगाटातून ओळखायची तर ती कशी दिसेल याचे नमुने आधीच गणिताने काढून ठेवावे लागतात आणि मिळालेली नोंद त्यांच्याशी ताडून पाहावी लागते. पुण्याच्या आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये या पद्धतीचा पाया घालणारे काम केले, तेव्हा लहर सापडायला अजून पाव शतक बाकी होते. फिरण्याचा हिशेब नमुन्यात धरला नाही तर डुलणाऱ्या जोड्या निसटू शकतात.

लायगो-इंडियासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यातली दुधाळ्याची जागा निवडली आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचे देऊळ फिरले, ही कथा तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. फिरणाऱ्या कृष्णविवरांचा वेध त्याच परिसरातून घेतला जाणार, याचा मला फार आनंद आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, त्यांच्या टोकांना आरसे, मधून धावणारा लेसर. लहर आली की एक भुजा क्षणभर लांबते आणि दुसरी आखडते. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान असतो.

आणखी एक केंद्र कशाला, असे कुणी विचारेल. त्याचे उत्तर २९ जानेवारी २०२० च्या लहरीत आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्या लहरीवरून, जोडीची कक्षा सेकंदात कित्येकदा डुलत होती असा निष्कर्ष निघाला. हल्स-टेलरच्या ताऱ्याचा आस वर्षाला सव्वा अंश सरकतो, त्याच्याशी ही गती ताडून पाहा. पण त्याच क्षणी लुईझियाना राज्यातल्या लिव्हिंग्स्टन केंद्राच्या नोंदीत यंत्राचा एक खडखडाट मिसळला होता. तो काढून टाकण्याच्या रीतीप्रमाणे डुलण्याचा पुरावा भक्कम होतो किंवा पातळ होतो, आणि त्यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. अशा वेळी दूरच्या, वेगळ्या दिशेला वळलेल्या आणखी एका केंद्राची स्वच्छ नोंद हाताशी असती तर एका यंत्राच्या खडखडाटावर निकाल अडला नसता. शिवाय लहरीचे ताणणे-आखडणे दोन तऱ्हांनी होते, आणि डुलणाऱ्या कक्षेत त्या दोहोंचे प्रमाण सतत बदलते. हे प्रमाण पकडायला पृथ्वीवर वेगवेगळ्या कोनांत बसलेली केंद्रे लागतात. अमेरिकेतली दोन केंद्रे जवळजवळ एकाच दिशेला बसवलेली आहेत. दुधाळ्याचे केंद्र पृथ्वीच्या गोलावर त्यांच्यापासून खूप दूर आहे, त्यामुळे त्याच्या भुजा आकाशाकडे वेगळ्याच कोनातून पाहतील.